काठ नव्हे, धरणाचा तळ

पवनेच्या पाण्याकाठी तंबूत एक रात्र काढायची, हा बेत पुण्या-मुंबईत आता अगदी घरगुती झाला आहे. शुक्रवारी फोन, शनिवारी दुपारी हजर, चहा-भजी, शेकोटी, रात्रीचे जेवण, सकाळी पोहे आणि दुपारच्या आत परतीची वाट. या बेताला माझा विरोध नाही. शहरातल्या मुलांनी अंधार पाहावा, तुंग-तिकोन्याच्या डोंगरांवर उतरणारी रात्र पाहावी, हे चांगलेच आहे. पण बेत आखताना फोटो, अंतर आणि माणशी दर एवढ्याचीच चौकशी होते. तंबू नेमका कोणत्या जमिनीवर ठोकला आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. जाहिरातीत त्या जागेला ‘पवना लेक’ म्हणतात. प्रत्यक्षात तो धरणाचा जलाशय आहे, आणि तिथल्या मुक्कामाचे सारे नियम या फरकावरून ठरायला हवेत.

नैसर्गिक तळ्याचा काठ फारसा हलत नाही. धरणाचा काठ वर्षभर सरकत असतो. पावसाळा संपताना पाणी भरून डोंगराच्या पायथ्याला भिडते आणि मे महिन्यापर्यंत इतके ओसरते, की एरवी बुडालेले वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर पुन्हा उघडे पडते. पाणी मागे हटले की जी जमीन मोकळी होते तिला शेतकरी गाळपेर म्हणतात. पाहुण्याला तंबू पाण्याला लागून हवा असतो, त्यामुळे पाणी जसे उतरते तसे तंबूही त्याच्यामागे उतरत जाण्याचा मोह होतो. एप्रिलमध्ये ज्याला आपण काठ समजतो तो खरे तर जलाशयाचा तळ असतो. तिथे उरलेली राख, बाटल्यांच्या काचा, द्रोण-पत्रावळी, भांडी घासल्याचे तेलकट पाणी आणि घाईने खणलेला शौचखड्डा यांतले काहीही वाहून जायची गरज पडत नाही. पावसाळ्यात धरण भरू लागले की पाणीच चढून त्यांच्यावर येते.

आणि हे पाणी साधे नाही. पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः याच धरणावर भागते; २०११ च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर होती. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते. तेच पाणी बंद जलवाहिनीतून थेट शहराला नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ झालेल्या पोलिस गोळीबारात तिघांचे प्राण गेले. ज्या पाण्यावरच्या हक्कासाठी माणसे मेली, त्याच्या तळाशी मुक्काम करताना एवढे तरी भान हवे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: शहरात पाणी शुद्ध करूनच देतात, शिवाय शहर स्वतः खाली पवनेत जे सोडते त्यापुढे चार तंबूंची घाण ती काय? दुसरा भाग खराच आहे. शहरातून जाणाऱ्या पवनेची अवस्था दुःखद आहे आणि तिचा जाब महापालिकेला आणि उद्योगांना विचारलाच पाहिजे. पण म्हणून नदीचे वरचे, अजून बऱ्यापैकी स्वच्छ असलेले पाणीही खराब करायला परवाना मिळत नाही. क्लोरीन जंतू मारते; प्लास्टिक किंवा साबण ते काढत नाही. शिवाय शहराचे शुद्धीकरण केंद्र येण्याआधी वाटेत गावे आहेत, त्यांचीही तहान याच पाण्यावर भागते. आणि प्रश्न चार तंबूंचा नाही. सुट्टीच्या रात्री काठावर एकामागून एक शेकोट्या पेटतात, तेव्हा एखाद्या गावाएवढी माणसे तिथे उतरलेली असतात. गावाला मोरी असते, उकिरडा असतो, जाब विचारणारी ग्रामसभा असते. या एका रात्रीच्या गावाला यातले काहीच नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. या धरणात ज्यांची शेते गेली, त्यांच्यापैकी शेकडो खातेदार अर्धशतक उलटले तरी पर्यायी जमिनीची वाट पाहत आहेत. शेती गेलेल्या घरातल्या मुलांनी उरलेल्या तुकड्यावर तंबू लावले, घरच्या चुलीवर पाहुण्यांचे जेवण रांधले, तर त्यांना कोणत्या तोंडाने अडवायचे? अडवूच नये. पण मर्यादा घातल्याने त्यांचे नुकसान होईल, हे गृहीतकच मला पटत नाही. आजच्या मोकाट स्पर्धेत ज्याच्याकडे पैसा जास्त तो जास्त जागा घेतो, जास्त तंबू लावतो आणि दर पाडतो. त्यात भरडला जातो तो दहा तंबूंचा स्थानिक माणूस. तंबूंची एकूण संख्या ठरवून परवान्यात धरणग्रस्तांना पहिला हक्क दिला, तर त्याला रास्त दरही मिळेल आणि टिकाऊ धंदाही. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात नोंदणी आणि सुरक्षिततेचा विचार आहे. मग धरणकाठच्या मुक्कामालाही तशी शिस्त लावणे अवघड का वाटावे?

नियम वाढले की हप्ते वाढतात, अशीही भीती बोलली जाते. ती अनाठायी नाही. म्हणून नियम थोडे आणि डोळ्यांना दिसणारे असावेत. धरण पूर्ण भरते तिथवरची रेषा दगड रोवून जमिनीवर दाखवावी आणि तिच्या खाली एकही तंबू, शेकोटी वा शौचालय नसावे. तिच्या वरच्या प्रत्येक ठिकाणी पक्की शौचटाकी असावी. हीच रेषा जीवही वाचवेल. बुडालेल्या शेतांचे बांध, जुन्या विहिरी आणि पाय रुतवणारा गाळ वरून दिसत नाहीत. ओळखीचे तळे समजून रात्री पाण्यात उतरणारा माणूस प्रत्यक्षात एका बुडालेल्या खोऱ्यात उतरत असतो.

पाटबंधारे खाते ही रेषा आखेल तेव्हा आखेल. तोवर या शनिवारचा तंबू ठरवताना फोनवर दोन प्रश्न जरूर विचारा: ऑगस्टमध्ये तुमची ही जागा पाण्याखाली असते का, आणि शौचालयाचे पाणी कुठे जाते? उत्तर सरळ मिळाले नाही, तर दुसरी जागा शोधा.