मनगटावरचे यंत्र आणि डहाणूचे ज्येष्ठ

हालचाल मोजणारा पट्टा मनगटावर बांधला की प्रकृतीची निम्मी चिंता मिटली, असा समज शहरांत रूढ होत आहे. परदेशस्थ मुले आईवडिलांना तो हौसेने भेट देतात. परंतु हे यंत्र नेमके कोणासाठी घडवले आहे, याचा उलगडा मुंबईपासून जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरील डहाणू-तलासरीत होतो.

पहिला प्रश्न मोजणीचाच. हे यंत्र पावले पाहत नाही. हाताच्या झोक्यावरून ती ताडते. काठी टेकत संथ चालणारा वृद्ध किंवा डोक्यावरची मोळी दोन्ही हातांनी सावरणारी आजी यांची कित्येक पावले त्यातून निसटतात. वाकून केलेल्या भातलावणीचे कष्ट पावलांच्या हिशेबात जवळजवळ येतच नाहीत. दिवसभर राबलेली व्यक्ती यंत्राच्या लेखी ‘निष्क्रिय’ ठरू शकते.

दहा हजार पावलांचे लक्ष्यही मूळचे वैद्यकीय नव्हे. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून ते रुजले. सरासरी ७२ वर्षे वयाच्या अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात रोजच्या सुमारे ४,४०० पावलांनीही मृत्यूचा धोका घटलेला आढळला आणि साडेसात हजारांपुढे लाभ वाढला नाही.

दुसरा प्रश्न हाताळणीचा. बारीक अक्षरे, घट्टे पडलेल्या बोटांना दाद न देणारा पडदा, दर काही दिवसांनी करावे लागणारे चार्जिंग आणि स्मार्टफोनशी जोडणी! हा फोन बहुधा कमावत्या मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा वापी वा बोईसरच्या कारखान्यात.

तिसरा प्रश्न भाषेचा व संमतीचा. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत सुमारे नव्वद टक्के लोक आदिवासी आहेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याची तरतूद आहे. मराठी त्या यादीत आहे, वारली नाही. मग अंगठा उमटवणाऱ्याने नेमके काय मान्य केले?

हे प्रश्न केवळ सोयीचे नाहीत. आशा कार्यकर्त्या भरतात त्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी तक्त्यात आठवड्याला १५० मिनिटांच्या शारीरिक हालचालीची विचारणा असते. आरोग्यदायी सवयींसाठी विमाधारकांना सवलती देण्याची मुभा विमा नियामकाने २०२० मध्येच कंपन्यांना दिली. उद्या यंत्राचा आकडाच पुरावा मानला गेला, तर चुकीच्या मोजणीची किंमत या ज्येष्ठांनाच मोजावी लागेल.

उपाय अशक्य नाहीत. ठळक अंक, एकच कळ, महिनोन्‌महिने टिकणारी बॅटरी, बोलीतून बोलणारा आवाज, फोनविना चालणारी नोंद आणि ती आशाताईंनी प्रश्न विचारून पडताळण्याची पद्धत, एवढ्यानेही बरेच साधेल.

याच डहाणू तालुक्यातील कोसबाडला १९५७ पासून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शिक्षणाचे काम उभारले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, हे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. त्या काळातील मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यासाठी यंत्र घडवणाऱ्यांनी तेवढा एकच धडा गिरवला तरी पुरे.