‘विकला गेला’ म्हणण्याआधी आयव्हन डिक्सन समजून घ्या



मागच्या महिन्यात वस्तीतल्या विहारात आम्ही ‘नथिंग बट अ मॅन’ हा १९६४ सालचा अमेरिकन सिनेमा दाखवला. भिंतीवर पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर, समोर वीस-बावीस मुलं-मुली. सिनेमा कृष्णधवल, इंग्रजी, तरी कुणी उठून गेलं नाही. चर्चा रंगात आली असताना एका कार्यकर्त्याने मोबाईलवर नायकाचं नाव शोधलं आणि मोठ्याने म्हणाला, “अरे, हाच माणूस पुढे पाच वर्षं टीव्हीवर कॉमेडी करत होता. गोऱ्या कर्नलच्या मागे उभा राहून. विकला गेला म्हणा की!”

सगळे हसले. आम्हाला हसू आलं नाही. ‘विकला गेला’ हा शिक्का आपल्या चळवळीत फार स्वस्त झाला आहे. कुणी बँकेत लागला, कुणी चॅनेलवर गेला, कुणी फेलोशिप घेतली, की मारला शिक्का. त्या दिवशी वेळ संपली म्हणून उत्तर राहिलं. ते इथे देतो.

आयव्हन डिक्सन १९३१ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मला. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच ही कृष्णवर्णीयांची वस्ती. नॉर्थ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून त्याने १९५४ मध्ये नाट्यशास्त्राची पदवी घेतली. १९५९ मध्ये लोरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ ब्रॉडवेवर आलं, त्यात तो आफ्रिकेतून आलेल्या असागाई या विद्यार्थ्याच्या भूमिकेत होता. दोन वर्षांनी त्याच नाटकावर सिनेमा निघाला, तिथेही तीच भूमिका.

नाटकात आणि सिनेमात दोन्हीकडे नायक होता सिडनी पॉइटिए. हे लक्षात ठेवा. त्या काळातल्या हॉलिवूडने एका वेळी एकाच काळ्या माणसाला नायकाची खुर्ची दिली आणि त्यावर पॉइटिए बसला होता. ‘द डिफायंट वन्स’ (१९५८) मध्ये डिक्सन त्याच्या जागी धोक्याची कामं करणारा डमी होता, ‘अ पॅच ऑफ ब्लू’ (१९६५) मध्ये त्याचा भाऊ. यात पॉइटिएचा दोष काहीच नाही. जागा एकच ठेवली, की बाकीचे गुणी लोक आपोआप रांगेत उभे राहतात. राखीव जागेवरून आपापसात भांडणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

‘नथिंग बट अ मॅन’ हॉलिवूडबाहेर बनला म्हणूनच डिक्सनला त्यात नायक होता आलं. दिग्दर्शक मायकेल रोमर हा हिटलरच्या जर्मनीतून लहानपणी निसटलेला ज्यू. गोष्ट अलाबामातली, पण चित्रीकरण १९६३ मध्ये न्यू जर्सीत झालं, कारण दक्षिणेत अशा सिनेमाचं युनिट घेऊन जाणं सुरक्षित नव्हतं. डिक्सनने साकारलेला डफ अँडरसन हा रेल्वेरुळांची दुरुस्ती करणारा मजूर. पादऱ्याची मुलगी जोसी शाळेत शिकवते. ती भूमिका गायिका अॅबी लिंकनने केली. दोघांचं लग्न होतं. डफ गावात स्थिरावतो, लाकडाच्या कारखान्यात लागतो आणि एक दिवस सोबतच्या काळ्या कामगारांना म्हणतो की आपण एकत्र राहिलं पाहिजे. एवढंच. संघटना नाही, संप नाही. ही गोष्ट मालकापर्यंत पोचवणारा मात्र त्या काळ्या कामगारांतलाच एक असतो. मालक म्हणतो, सगळ्यांसमोर शब्द मागे घे. डफ घेत नाही. नोकरी जाते.

मग दुसरीकडेही काम मिळेनासं होतं, कारण ‘हा गडबड्या आहे’ ही बातमी त्याच्या आधी पोचलेली असते. सासरा पादरी आहे, गोऱ्यांशी जुळवून राहणारा. तो जावयाला जुळवून घ्यायला शिकवू पाहतो. विहारातल्या मुलांना सगळ्यात जास्त राग या सासऱ्याचा आला, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाने त्याला आपापल्या ओळखीचं एकेक नाव ठेवलं. आम्हाला मात्र वेगळाच प्रसंग टोचला. बाहेर अपमान गिळून आलेला डफ घरी गरोदर जोसीला ढकलून देतो. आम्ही समाजकार्यात जी घरं बघतो, त्यातल्या कितीतरी घरांत हे असंच घडतं. व्यवस्थेने चिरडलेल्या माणसाची बाजू घेताना त्याच्या बायकोच्या अंगावरचा वळ आपण झाकतो. हा सिनेमा झाकत नाही. डफ पळून जातो, दारूत बुडालेल्या बापाचं मरण बघतो, टाकून दिलेल्या लहान मुलाला सोबत घेतो आणि परत येतो. मोर्चा नाही, भाषण नाही, विजयही नाही.

अशा अभिनयानंतर कोणत्याही गोऱ्या नटाच्या दारात निर्मात्यांची रांग लागली असती. डिक्सनला मिळालं ‘होगन्स हीरोज’.

सीबीएसवरची ही मालिका १९६५ मध्ये सुरू झाली. जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीतले दोस्त राष्ट्रांचे सैनिक नाझींना मूर्ख बनवतात, असा विनोद. डिक्सन होता सार्जंट किंचलो, छावणीखालच्या भुयारात रेडिओ सांभाळणारा. आपल्या कार्यकर्त्याची टीका इथे अर्धी खरी आहे. त्या युद्धात अमेरिकन सैन्य स्वतःच वर्णानुसार विभागलेलं होतं, ती विभागणी मोडण्याचा आदेश १९४८ मध्ये निघाला. मालिकेचा हा विषयच नव्हता. पण उरलेली अर्धी बाजूही बघा. किंचलो मोलकरी नव्हता, डोळे फिरवून हसवणारा विदूषक नव्हता. तो त्या गटातला तंत्रज्ञ होता, जर्मन अधिकाऱ्याचा आवाज काढून फोनवर समोरच्याला फसवणारा. दर आठवड्याला गोऱ्या घरांच्या दिवाणखान्यात एक हुशार काळा माणूस दिसत होता. ही क्रांती नव्हे, हे आम्हालाही कळतं. डिक्सनलाही ते कळत असावं. पाच वर्षांनी मालिका चालू असताना मुख्य नटांपैकी तो एकटाच बाहेर पडला. त्याच काळात, १९६७ मध्ये, ‘द फायनल वॉर ऑफ ऑली विंटर’ या टीव्ही नाटकात त्याने व्हिएतनाममधल्या काळ्या सैनिकाची भूमिका केली आणि एमी पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं.

बाहेर पडून तो कॅमेऱ्याच्या मागे गेला. टीव्ही मालिका दिग्दर्शित करत हात बसवला, १९७२ मध्ये ‘ट्रबल मॅन’ हा सिनेमा केला आणि १९७३ मध्ये ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’.

या नावात दुहेरी अर्थ आहे. ‘स्पूक’ ही काळ्या माणसाला दिली जाणारी शिवी, आणि बोलीभाषेत गुप्तहेरालाही तोच शब्द. दाराशी बसलेला कोण? तर कंपनीने नेमलेला एकुलता एक काळा कर्मचारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून दाराजवळ बसवलेला. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात व्यासपीठाच्या टोकाला ज्यांना खुर्ची मिळते, त्यांना हे समजावून सांगायला नको. सॅम ग्रीनली यांच्या १९६९ च्या कादंबरीवरच्या या सिनेमात डॅन फ्रीमन हा सीआयएचा पहिला काळा अधिकारी होतो. सगळं कठीण प्रशिक्षण पार केल्यावर त्याला काम काय देतात? झेरॉक्सचा विभाग. तो मान खाली घालून काम करतो, शिकलेलं सगळं लक्षात ठेवतो, राजीनामा देतो, शिकागोला परततो आणि समाजकार्यकर्ता (म्हणजे आमच्याच पेशातला!) बनून पोरांच्या टोळीला गनिमी लढाई शिकवतो.

बंदुकीचा हा मार्ग आमचा नाही. बाबासाहेबांनी दिलेला मार्ग वेगळा आहे आणि त्यावर आमची तडजोड नाही. पण सिनेमा पाडला कसा गेला, हे बघितलंच पाहिजे. शिकागोत परवानगी मिळाली नाही. शेजारच्या इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरात रिचर्ड हॅचर हे काळे महापौर होते, तिथे बरंचसं चित्रीकरण झालं. पैसा बराचसा काळ्या लोकांनीच उभा केला. संगीत हर्बी हॅन्कॉकचं. वितरण युनायटेड आर्टिस्ट्सकडे होतं आणि तिथेच घोडं अडलं. काही आठवड्यांत सिनेमा थिएटरांतून गायब झाला. यामागे एफबीआयचा दबाव होता, असं ग्रीनली आणि डिक्सन सांगत आले. डिक्सनने निगेटिव्ह दुसऱ्याच नावाने जपून ठेवली. म्हणूनच २००४ मध्ये डीव्हीडी निघू शकली आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या सिनेमाचा समावेश झाला.

लेखक आपला, दिग्दर्शक आपला, पैसा आपला, शहराचा महापौरसुद्धा आपला. थिएटरपर्यंत नेणारा हात मात्र दुसऱ्याचा. ज्या वर्षी हे घडलं त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत ब्लॅक पँथरचं नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली होती. आज आपली पोरं शॉर्टफिल्म बनवतात, गाणी रेकॉर्ड करतात आणि पडद्यावर आपले किती चेहरे दिसले हे मोजतात. सिनेमा विकत कोण घेतो, लावतो कोण आणि उतरवतो कोण, हे मोजणारा आम्हाला अजून भेटायचा आहे.

‘स्पूक’नंतर डिक्सनला मोठा सिनेमा मिळाला नाही. पुढची दोन दशकं तो ‘द वॉल्टन्स’, ‘द रॉकफर्ड फाइल्स’, ‘मॅग्नम पी. आय.’ अशा मालिकांचे भाग दिग्दर्शित करत राहिला. यालाही कुणी विकला जाणं म्हणेल. घर चालवणं म्हणावं, असं आमचं मत. नंतर हवाईतल्या माउई बेटावर त्याने स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवलं. सार्जंट किंचलोचा रेडिओ शेवटी त्याच्या मालकीचा झाला. २००८ मध्ये तो गेला.

पुढच्या रविवारी विहारात ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’ लावतो आहोत, संध्याकाळी सात वाजता. ‘विकला गेला’ म्हणणाऱ्या त्या मित्रालाच आम्ही प्रास्ताविक करायला सांगितलं आहे, आणि तो हो म्हणाला आहे.