नेक्स्टचं बटण आणि रिकाम्या खुर्च्या

रात्रीचे साडेबारा. रूममध्ये तीन लॅपटॉप चालू. तिन्हींवर एकच बाई एकाच आवाजात वर्कशॉपमधली सुरक्षितता समजावून सांगतेय आणि समोरच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या! मंडळी खाली टपरीवर चहाला गेलीयत. कारण बाईंचं बोलणं संपेपर्यंत 'नेक्स्ट'चं बटण दाबलं जातच नाही. चहा पिऊन यायचं, बटण दाबायचं, परत खाली जायचं.

या प्रकाराला म्हणे 'सेल्फ-पेस्ड' म्हणतात. म्हणजे आपापल्या गतीने शिकणं. इथे गती कोणाची? बाईंची!

त्या कोर्समध्ये लेथची एक स्लाइड होती. चकमध्ये चक-की तशीच विसरून मशीन चालू केलं, तर ती गोळीसारखी उडते. ती स्लाइड त्या रात्री आमच्यापैकी कुणीही पाहिली नाही. सर्टिफिकेट मात्र तिघांनाही मिळालं. (तिसरा मीच.)

शिकणाऱ्याला वाट किती मोकळी ठेवायची, हा वाद जुना आहे. १९५० च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी शिकवणारं यंत्र केलं. छोटा प्रश्न, उत्तर, मग पुढचा प्रश्न. सगळ्यांना एकच सरळ वाट. त्याच सुमारास नॉर्मन क्राउडर यांनी वाटेला फाटे फोडले. उत्तर चुकलं की विद्यार्थी वेगळ्या पानावर जायचा आणि तिथे त्याची नेमकी चूक समजावलेली असायची. आजच्या कोर्सेससाठी 'स्कॉर्म २००४' नावाचं प्रमाणक आहे, त्यात दोन्हींची सोय आहे. 'चॉइस' चालू ठेवा, विद्यार्थी हवा तो धडा उघडेल. 'फॉरवर्ड ओन्ली' लावा, मागे फिरणंही बंद! पूर्वचाचणीत पास झालेल्याला तो धडा माफ करण्याचा नियमसुद्धा लिहिता येतो. म्हणजे सोय आहे, वापरणारा पाहिजे.

पण सगळं मोकळं सोडा, असंही मी म्हणणार नाही. एनपीटीईएलची लेक्चर्स कुठूनही उघडता येतात. 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'ची सुरुवातीची लेक्चर्स गाळून मी थेट फूरिए ट्रान्सफॉर्मवर उडी मारली. दहाव्या मिनिटाला कन्व्होल्यूशन आलं आणि सगळं डोक्यावरून गेलं. मला काय येत नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. तिथे 'आधी एवढं करून ये' असं कुणी दटावलं असतं तर आठवडा वाचला असता. तेव्हा क्रमाचा आग्रह धरणारे सर चूक नाहीत.

चूक आहे ती घड्याळाला कुलूप लावण्यात. कुलूप प्रश्नाला लावा. लेथच्या धड्यानंतर विचारा, "मशीन चालू करण्याआधी काय काय बघशील?" उत्तर बरोबर, तर पुढे जाऊ द्या, मग त्याला दोन मिनिटं लागोत की वीस. चुकलं, तर त्याच स्लाइडवर परत पाठवा. आणि मागे जायचं दार कधीही बंद करू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्याला मागेच जायचं असतं, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!

सर, पुढचा कोर्स बनवताना एवढं कराच. आणि दोस्तांनो, प्रश्न आला की उत्तर शेजारच्या रूममध्ये विचारू नका. लेथसमोर शेजारचा नसतो.