गाडी तापतेय? अर्धं उत्तर मोबाइलवर, अर्धं कंपनीच्या कुलपात

ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. कारण काय, तर सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना सहज मिळत नव्हती. प्रकरण पुढे कोर्टात गेलं. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. याचा आपल्याशी काय संबंध? इंजिनच्या कूलिंगचं उदाहरण घेऊ.

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर बंद पडला की आम्ही आधी लॉग बघतो, मग हात लावतो. गाडीतही लॉग असतो. स्टीअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात छोटा ब्लूटूथ अडॅप्टर लावला की कूलंटचं तापमान मोबाइलवर दिसतं. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम झाल्यावर ते ८५ ते १०५ अंशांत राहतं.

आता पॅटर्न बघा:

• ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेवर ठीक चालते: संशय फॅन, त्याचा रिले किंवा फ्यूजवर. हायवेवर वारा आपोआप मिळतो, सिग्नलला तो फॅननेच द्यावा लागतो.

• घाटात किंवा वेगात तापते: कूलंट कमी, रेडिएटर चोक किंवा वॉटर पंप कमजोर.

• तापमान वर चढतच नाही, पी०१२८ कोड येतो: थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची दाट शक्यता. मुंबईत हीटर लावतो कोण! म्हणून हे लक्षात येत नाही, पण पेट्रोल जास्त जातं.

• इंजिन गरम, पण हीटरला थंड हवा: कूलंट कमी, पाइपात हवा अडकलेली किंवा हीटर कोअर चोक.

• थेट उणे ४० अंश दिसतात: इंजिन गोठलेलं नाही, सेन्सरची वायर तुटली किंवा सुटली असणार.

पण कोड म्हणजे निकाल नव्हे. तो फक्त कुठे बघायचं ते सांगतो. आणि कोड वाचून लिहून ठेवल्याशिवाय ‘क्लिअर’ दाबू नका. पुरावाच पुसला जातो.

खरी अडचण पुढे आहे. वरचे कोड सगळ्या कंपन्यांना समान आहेत. एसी-हीटरचा फ्लॅप अडकला, तर मात्र त्याची माहिती बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या स्वतःच्या कोडमध्ये असते. साध्या अ‍ॅपला ती दिसत नाही. मग कोपऱ्यावरचा अनुभवी मेकॅनिकही अंदाजाने पार्ट बदलतो आणि बिल आपण भरतो. माझ्या मते पोर्टलवर मॅन्युअल टाकणं ही सुरुवात झाली. कोडची यादीही खुली झाली, तर हक्काला अर्थ येईल.

तोवर एक नियम पाळा. काटा लाल झाला तर एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत दाबाखाली १०० अंशांच्या वरचं पाणी असतं, ते उसळून थेट अंगावर येतं. मोबाइलवरचा आकडा थंड होईपर्यंत थांबा.