वरची दहा नावं कशासाठी?

पुण्यातून एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करून अमेरिकेत बायोस्टॅटिस्टिक्सला जाऊ पाहणाऱ्यांना ठरलेला सल्ला मिळतो: 'यूएस न्यूज'ची यादी उघडा, तीन 'अँबिशस', तीन 'मॉडरेट', दोन 'सेफ' निवडा, मोकळे व्हा. संख्याशास्त्र शिकलेल्यांनीच तो मुकाट्याने मानावा, याचं नवल वाटतं.

ती यादी होते कशी? त्या विषयातल्या प्राध्यापकांना इतर विभागांना एक ते पाच गुण द्यायला सांगतात आणि सरासरीवरून क्रमांक लावतात. हा नुसता लौकिकाचा कौल. कितीजणांची पीएच.डी. पुरी होते, पुढे ते कुठे जातात, हे त्यात मोजलेलंच नसतं. सरासरीशेजारी स्टँडर्ड एररही छापत नाहीत. परीक्षेत असा तक्ता कुणी मांडला तर आपणच गुण कापू; मग पाचव्या-आठव्यातल्या फरकावर कर्ज कसं काढायचं?

'नाव मोठं असलं की नोकरी लागते,' असं यावर उत्तर येतं. पहिल्या नोकरीपुरतं ते खरंही आहे. पण त्याच नावाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात. पीएच.डी.ला बहुधा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. मास्टर्सची फी सहसा स्वतःच भरावी लागते. एम.एस्सी. झालेल्याने कर्ज काढून पुन्हा प्रॉबॅबिलिटी आणि इन्फरन्सच गिरवायचं, यात मला तरी शहाणपण दिसत नाही. (सल्लागार हे सहसा बोलत नाहीत.) आणि 'सेफ' म्हणजे काय? पीएच.डी.च्या जागा मोजक्या असतात. आपल्या आवडीचं काम जिथे होतच नाही, तिथे क्रमांक खालचा म्हणून प्रवेश पक्का होत नाही.

पाहायचं ते विभागाच्या शेजारी काय आहे ते. सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठाजवळ फ्रेड हच कॅन्सर सेंटर आहे. एचआयव्ही लसीच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र तिथे चालतं, आणि नॉर्मन ब्रेस्लो, रॉस प्रेंटिस यांच्यासारखी माणसं या दोन्ही ठिकाणी वावरली. अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात जनुकीय माहिती आणि डायलिसिस-प्रत्यारोपणाच्या नोंदींवर मोठं काम झालं. जॉन्स हॉपकिन्सच्या लियांग आणि झेगर यांनी 1986 मध्ये एकाच रुग्णाच्या वारंवार घेतलेल्या मोजमापांसाठी जीईई ही पद्धत मांडली. कर्करोगाच्या चाचण्यांत रमणाऱ्याला आणि जनुकांच्या मागे लागणाऱ्याला यांतलं एकच ठिकाण सारखं लाभेल कसं?

'हे इथे बसून कसं कळणार?' तर विभागांच्या संकेतस्थळांवर बहुधा प्रबंधांची शीर्षकं असतात, विद्यार्थी पुढे कुठे गेले तेही असतं. गेल्या चार-पाच वर्षांची चाळा. रिअल अ‍ॅनालिसिस झालेलं हवं का, हेही तिथेच पाहा. हवं असेल आणि गुणपत्रिकेत नसेल, तर जुलैत कळलेलं बरं, डिसेंबरात नव्हे.