वेगाचा व्यवसाय

मोटारींच्या शर्यतींत आयुष्य घालविणारा मनुष्य म्हणजे उनाड, असे आपल्याकडील बहुतेक पालकांचे मत असते. माझेही तेच होते. ते बदलले पुण्याच्या डायना पुंडोले यांच्यामुळे. या बाई पूर्वी शिक्षिका होत्या, दोन मुलांच्या आई आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नई येथे 'सलून' गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी मिळविले. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

सलून म्हणजे घरोघरी दिसणारीच बंद टपाची मोटार, मात्र अनावश्यक बैठका काढून आणि आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवून शर्यतीस सिद्ध केलेली. अमेरिकेतील 'स्टॉक कार' शर्यतींचा उगमही अशाच साध्या मोटारींत आहे. या व्यवसायास पैसा पुष्कळ लागतो, शरीर कणखर लागते. परंतु वळणापूर्वी वेग नेमका केव्हा आवरावा, ही खरी विद्या होय. जसोंडीच्या रस्त्यावर केळी भरलेल्या ट्रॅक्टरला घासून दुचाकी पळविणाऱ्या आमच्या काही शूर विद्यार्थ्यांस (नावे सांगत नाही!) नेमकी तीच अवगत नाही.

उद्या तुमच्यापैकी कोणी, मग ती मुलगी का असेना, हा व्यवसाय पत्करू म्हणाली, तर मी हसणार नाही. प्रथम खर्च कोण सोसणार ते विचारीन, आणि मग शाळेच्या फाटकापाशी ती वाहन कसे थांबविते ते पाहीन.