जमीन सोडण्याआधी



आमच्या धर्मग्रामातले एक निवृत्त जोडपे घर विकून शिडाच्या बोटीवर कायमचे राहायला जायचे म्हणते. "पेत्रानेही सारे सोडलेच की," असे काका मला म्हणाले. म्हणून थोडे लिहितो.

असे जगणे अशक्य नाही. गोव्यात बांधलेल्या 55 फुटी 'तारिणी'वर नौदलाच्या सहा महिलांनी 2017-18 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली; 254 दिवसांनी त्या परतल्या. पण त्याआधी 'म्हादेई'वर मॉरिशसपर्यंत जाऊन त्यांनी सराव केला होता.

आपणही आधी घर विकू नये, भाड्याने द्यावे. एक हंगाम बोटीवर राहून पाहावे. पाणी मोजून वापरायचे, गळती शोधायची, फाटलेले शीड स्वतः शिवायचे. सामानही मोजकेच, कारण प्रत्येक जादा वस्तूने बोट तेवढी खाली बसते.

आणि पेत्राचे म्हणाल, तर मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय शेवटपर्यंत वाचा. जाळी टाकून निघालेला पेत्र थोड्याच ओळींनंतर प्रभूसोबत स्वतःच्या घरी येतो. तिथे त्याची सासू तापाने पडलेली असते. प्रभू तिला हात धरून उठवतो. पेत्राची जाळी सुटली, घरचे माणूस सुटले नाही.

काकांच्या घरी 85 वर्षांच्या आई आहेत. "त्यांना विचारलंत का?" असे मी विचारले. काका गप्प राहिले. माझ्या मते तयारी तिथून सुरू व्हावी. बोट तोवर किनाऱ्याला थांबेल.